पूर्णगडच्या वाऱ्यांतील वेलमांडव

मुचकुंदी नदी जेथें समुद्रास मिळते, तेथें टेंकडीवर पूर्णगडाचा लहानसा किल्ला आहे. त्याच्या आसपास ज्यांचें परसूं आहे, त्यांस नैर्ऋत्येच्या वाऱ्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. आषाढांत हा वारा सुटला म्हणजे कौलेंहि हलतात; मग पडवळीच्या कोंवळ्या वेलाची काय कथा!

आमच्या घरीं रोज बारा पानें मांडलीं जातात. मांडव पडला कीं श्रावणांतील भाजी बुडाली. तीन वर्षांपूर्वीं तसेंच झालें. आम्हीं हौसेनें उंच मांडव घालून समुद्राकडे झांपांची घट्ट भिंत बांधली. एका रात्रींत मांडव, पडवळें, दोडकीं सारीं आडवीं! सकाळीं काकू म्हणाल्या, "अरे, वाऱ्याला वाट ठेवायची असते. अडवलात, म्हणून त्यानें पाडलें."

काकूंचें म्हणणें शास्त्रासहि धरून आहे. भरीव भिंतीवरून चढलेला वारा पलीकडे भोंवरे घालीत उतरतो. निम्मी उघडी वई त्याला मंद करून जाऊं देते, व तिच्या उंचीच्या कित्येक पट अंतरापर्यंत आडोसा मिळतो. आतां आम्ही झांपांऐवजीं विरळ काटक्यांची वई घालतों. मांडवाची अरुंद बाजू वाऱ्याकडे असते. बेचक्याच्या मेढी दीड हात पुरून भोंवतीं जांभ्याचे तुकडे ठोकतों, आणि कोपऱ्यांस तिरके टेंकू देतों. कारलीं-काकडीस छातीइतकी उंची पुरते. पडवळ लांब लोंबतें, त्याचा मांडव इतका खालीं आणतां येत नाहीं. बांधण्यास काथ्याचें सुंभच बरें. नायलॉनची दोरी टिकते खरी, पण हेलकाव्यांत देंठ कापते.

सुंभाचें काम तरी चार दिवसांचेंच, पुढें वेल स्वतःस सांभाळतो. चार्लस् डार्विन यांनीं काकडीच्याच कुळांतील एक रानवेल मुद्दाम सोसाट्याच्या वाऱ्यांत जाऊन पाहिला. त्याचे तणावे मळसूत्रासारखे वळलेले असल्यामुळें ताण येतांच लांबत व पुन्हां आंखडत, आणि वेल तुटत नसे. १८६५ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. मात्र जाड बांबूस तणावा विळखा घालूं शकत नाहीं, म्हणून मुळापासून मांडवापर्यंत बारीक शिरडीं लावावीं.

गेल्या वर्षीं वादळी रात्रीनंतर एक मेढ कलली, वेल जागचे हलले नाहींत. पडवळ सरळ वाढावें म्हणून दगड बांधतात, तो मात्र वारा पडल्यावरच बांधावा. झुलता दगड शेजारच्या फळांवर आपटतो, हें काकूंनींहि आम्हांस आधीं सांगितलें नव्हतें.