दूरछायाचित्रण भिंग, चल केंद्रांतराचे
दूरच्या वस्तूची मोठी प्रतिमा देणारे व केंद्रांतर बदलता येणारे संयुक्त भिंग. यास व्यवहारात ‘टेलिफोटो झूम’ म्हणतात. यात पुढील अभिसारी भिंगगटामागे अपसारी गट असतो. त्यामुळे भिंगाची लांबी केंद्रांतरापेक्षा कमी ठेवता येते. टी. आर. डॅलमायर यांनी १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये असे भिंग तयार केले. भिंगगटांमधील अंतरे बदलून केंद्रांतर कमीजास्त करण्याची सोय असलेले, ३५ मिमी. फिल्मच्या स्थिरचित्रण कॅमेऱ्यासाठीचे पहिले भिंग (३६–८२ मिमी.) १९५९ मध्ये जर्मनीत विक्रीस आले.

त्याच अंतरावरून ३०० मिमी. केंद्रांतराची प्रतिमा ५० मिमी.च्या सहापट मोठी असते. मात्र हाताच्या कंपाचा परिणामही तितकाच वाढतो. म्हणून तिवई वापरतात किंवा उद्भासनकाल १/३०० सेकंदाहून कमी ठेवतात. खेळाडूंची वेगवान हालचाल टिपण्यास तो आणखी कमी लागतो. एफ/५.६ भिंगातून एफ/२.८ च्या केवळ एक चतुर्थांश प्रकाश मिळतो. त्यामुळे सायंकाळच्या सामन्यांत मोठ्या छिद्राचे, पण जड व महाग भिंग सोयीचे ठरते.

परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातील पूर्णा नदीवरील येलदरी जलाशयासारख्या ठिकाणी पाणपक्षी टिपताना या भिंगाचा खरा लाभ अंतर राखण्यात आहे. विणीच्या काळात घरट्याजवळ गेल्यास पक्षी उठतो आणि अंडी उन्हात व कावळ्यांच्या तावडीत सापडतात. पावसाळ्यात दमटपणामुळे भिंगावर बुरशी चढते. म्हणून ते सिलिका जेलसह हवाबंद पेटीत ठेवतात.

पहा : छायाचित्रण, भिंग.