काठावरचा प्रेक्षक आणि मोठा सामना : एक विवेचन

गोषवारा

खेळाशी नित्याचा संबंध नसलेली माणसे एखाद्या मोठ्या सामन्यात अनपेक्षितपणे ओढली जातात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. प्रस्तुत लेखात २०२५ च्या महिला क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य व अंतिम सामन्यांच्या आधारे या प्रक्रियेचे स्पष्टीकरण केले आहे. त्यासाठी सामाजिक मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि भारतीय काव्यशास्त्र यांतील संकल्पनांचा आधार घेतला असून, १९९५ च्या रग्बी विश्वचषकाशी तुलना करून अशा भावनिक लाटेच्या मर्यादाही तपासल्या आहेत.

बीजशब्द : प्रासंगिक प्रेक्षक, सामूहिक उत्कटता, साधारणीकरण, महिला क्रिकेट, रग्बी.

प्रस्तावना

२ नोव्हेंबर २०२५ हा कार्तिकी एकादशीचा दिवस होता. पंढरपुरात वारकऱ्यांची दाटी झाली होती आणि त्याच दिवशी नवी मुंबईतील नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणावर भारत व दक्षिण आफ्रिका यांच्यात महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. पावसामुळे तीनऐवजी पाच वाजता सुरू झालेला हा सामना मध्यरात्रीच्या सुमारास संपला. तोपर्यंत जागी राहिलेल्या असंख्य घरांत असे अनेक जण होते, ज्यांनी त्यापूर्वी महिला क्रिकेटचा एकही पूर्ण सामना पाहिलेला नव्हता. आयसीसीने जाहीर केलेल्या आकडेवारीनुसार केवळ डिजिटल माध्यमावर हा सामना सुमारे १८ कोटी ५० लाख प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. २०२४ च्या पुरुषांच्या टी-ट्वेंटी अंतिम सामन्याइतकाच हा आकडा आहे. एवढा प्रेक्षकवर्ग नियमित चाहत्यांचा असू शकत नाही, हे उघड आहे.

अशा प्रेक्षकाला येथे ‘काठावरचा प्रेक्षक’ असे संबोधले आहे. तो खेळाचा विरोधक नसतो आणि उपासकही नसतो. घरात दूरदर्शन संच चालू आहे म्हणून तो पाहतो, चहा घेता घेता धावसंख्या विचारतो आणि उठून जातो. प्रश्न असा की, काही सामन्यांत हाच प्रेक्षक उठून का जात नाही?

ओढले जाण्याच्या पायऱ्या

या प्रक्रियेची पहिली पायरी म्हणजे परिस्थितीची सुबोधता. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी याच मैदानावर झालेल्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या. भारतापुढे ३३९ धावांचे लक्ष्य होते आणि महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढ्या धावांचा यशस्वी पाठलाग त्यापूर्वी कोणीही केला नव्हता. यष्टीमागील क्षेत्ररचना किंवा फिरकीतील बारकावे न कळणाऱ्या व्यक्तीलाही ‘इतक्या चेंडूंत इतक्या धावा’ हे समीकरण समजते. खेळाची परिभाषा अवगत नसताना केवळ हिशेबाच्या आधारे सामन्यात प्रवेश करता येतो.

दुसरी पायरी व्यक्तीच्या कथेची आहे. उपांत्य सामन्यात नाबाद १२७ धावा करणाऱ्या जेमिमा रॉड्रिग्जला याच स्पर्धेतील एका सामन्यात संघाबाहेर बसावे लागले होते. सामन्यानंतर आपल्या मानसिक अस्वस्थतेविषयी ती मोकळेपणाने बोलली. अंतिम सामन्यात ८७ धावा करून दोन बळीही घेणारी शफाली वर्मा मूळ संघात नव्हती. प्रतीका रावल जायबंदी झाल्यामुळे तिला ऐनवेळी बोलावण्यात आले. प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये अकरा हजारांहून अधिक धावा करूनही त्यांना भारतीय संघात स्थान मिळाले नव्हते. डावलले गेलेल्या माणसाला संधी मिळणे, ही कथा समजण्यासाठी क्रिकेटचे ज्ञान लागत नाही. काठावरचा प्रेक्षक प्रथम माणसाकडे पाहतो, खेळाकडे नंतर.

तिसरी पायरी पक्षनिवडीची होय. सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिटनमधील शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगांत, अगदी क्षुल्लक निकषावर गट पाडले तरी मुले स्वतःच्या गटाला झुकते माप देतात, असे आढळले. ‘आपण’ आणि ‘ते’ ही विभागणी होण्यास फारच अल्प कारण पुरते. राष्ट्रीय संघाच्या बाबतीत तर कारण आधीच तयार असते. सांगलीकरांना स्मृती मानधना आपली वाटते, मुंबईकरांना जेमिमा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की, विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकल्यानंतर विद्यार्थी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे अधिक वापरतात आणि विजयाचे वर्णन ‘आपण जिंकलो’ असे करतात. पराभवानंतर मात्र ‘ते हरले’ अशी भाषा येते. मराठी घरांतील संभाषणातही सर्वनामांचा हा खेळ सहज ऐकू येतो.

चौथी पायरी अनिश्चिततेची आहे. डॉल्फ झिलमन यांच्या मांडणीनुसार, आपल्या पक्षाचे अहित होण्याची शक्यता जितकी ठळक, तितकी उत्कंठा तीव्र. आणि संकट टळल्यावर शरीरात शिल्लक असलेली उत्तेजना आनंदातच मिसळते. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वुल्व्हार्ट शतक करून उभी असेपर्यंत भारताच्या २९८ धावा सुरक्षित वाटत नव्हत्या. तिचा उंच उडालेला झेल अमनज्योत कौरच्या हातून निसटला, पुन्हा निसटला आणि अखेर तिने तो पकडला. त्या एक-दोन सेकंदांत जे घडले ते समजण्यासाठी कोणत्याही नियमाची माहिती आवश्यक नव्हती. दीप्ती शर्माने ३९ धावांत ५ बळी घेतले, शेवटचा झेल कर्णधार हरमनप्रीत कौरने पाठीमागे धावत जाऊन टिपला आणि भारत ५२ धावांनी विजयी झाला.

समूह आणि शरीर

वरील पायऱ्या एकट्याने पाहणाऱ्यालाही लागू पडतात. परंतु ओढ खऱ्या अर्थाने बळावते ती सहवासात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्ये धार्मिक विधींच्या अभ्यासात सामूहिक उत्कटतेची संकल्पना मांडली. माणसे एका ठिकाणी, एकाच गोष्टीकडे लक्ष देऊन जमली की एकाची भावना दुसऱ्यात परावर्तित होऊन वाढत जाते, असे तिचे सार आहे.

तथापि केवळ हजेरी पुरेशी नसते. स्पेनमधील सान पेद्रो मान्रिके या गावी निखाऱ्यांवरून चालण्याचा वार्षिक विधी होतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चालणाऱ्यांच्या आणि त्यांच्या आप्तांच्या हृदयस्पंदनांत साम्य आढळले. ज्यांचे कोणी चालत नव्हते अशा परक्या पाहुण्यांमध्ये ते आढळले नाही. नाते असेल तरच काळीज साथ देते, असा याचा अर्थ घेतला, तर काठावरच्या प्रेक्षकाचे कोडे अधिक स्पष्ट होते. कथा व पक्षनिवड या पायऱ्या त्याला आधी खेळाडूंचा आप्त बनवतात. त्यानंतरच समूहाची उत्कटता त्याच्यापर्यंत पोहोचते.

साधारणीकरणाच्या अंगाने

भारतीय काव्यशास्त्रात भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने पुढे विकसित केलेली साधारणीकरणाची संकल्पना येथे उपयुक्त ठरते. नाट्यातील दुःख हे अमुक एका व्यक्तीचे न राहता सर्वसामान्य मानवी दुःख म्हणून आस्वादले जाते. जेमिमाच्या डोळ्यांतील अश्रू पाहून ज्यांचे डोळे पाणावले, त्यांना ती कोणत्या क्रमांकावर फलंदाजीस आली हे सांगता आले नसते. तेथे एका खेळाडूचे सोसणे सर्वांचे झाले होते.

मात्र हे साम्य पूर्ण नाही. रसास्वादात प्रेक्षकाचे ममत्व गळून पडणे अपेक्षित असते. सामन्यात उलट ममत्व जागे होते. शिवाय नाटकाचा शेवट ठरलेला असतो, सामन्याचा नसतो. सिंधुदुर्गातील दशावतार या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा आहे. कथा सर्वांना ठाऊक असते, पण संवाद उत्स्फूर्त असल्यामुळे आजचा प्रयोग कसा रंगेल हे कोणालाच ठाऊक नसते. जत्रेत खाजे घेऊन परतण्याच्या बेताने आलेला माणूस ‘थोडा वेळ’ म्हणून टेकतो आणि पहाटेपर्यंत उठत नाही, हा कोकणातील परिचित अनुभव आहे. फोंडाघाटसारख्या घाटपायथ्याच्या गावातील वाचकाला काठावरचा प्रेक्षक समजून घेण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही.

लाट ओसरल्यानंतर

अशा क्षणांचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण रग्बीतील आहे. २४ जून १९९५ रोजी जोहान्सबर्ग येथील एलिस पार्कवर दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला जादा वेळेत १५–१२ असे नमवून विश्वचषक जिंकला. वर्णभेदी राजवटीत रग्बी हा गोऱ्यांचा खेळ मानला जाई आणि अनेक कृष्णवर्णीय प्रेक्षक मुद्दाम प्रतिस्पर्धी संघाची बाजू घेत. त्या दिवशी अध्यक्ष नेल्सन मंडेला कर्णधार फ्रान्स्वा पिनार याचा ६ क्रमांकाचा हिरवा सदरा घालून मैदानात आले आणि या खेळाशी देणेघेणे नसलेली, किंबहुना वैर असलेली माणसेही त्या विजयात सामील झाली. परंतु त्या संघात चेस्टर विल्यम्स हा एकच गौरेतर खेळाडू होता. सिया कोलिसी या कृष्णवर्णीय कर्णधाराने विश्वचषक उंचावण्यासाठी २ नोव्हेंबर २०१९ उजाडावे लागले. १९९५ मध्ये तो चार वर्षांचा होता. एका संध्याकाळची एकात्मता संघाच्या रचनेत उतरण्यास २४ वर्षे लागली.

भारतीय महिला क्रिकेटचा प्रवासही असाच दीर्घ आहे. १९७३ मध्ये पुण्यात झालेल्या पहिल्या आंतरराज्य स्पर्धेत मुंबई, महाराष्ट्र व उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. २००५ चा अंतिम सामना भारत हरला, तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१७ मध्ये हरमनप्रीतच्या नाबाद १७१ धावांनी प्रथमच मोठ्या संख्येने काठावरचे प्रेक्षक ओढले गेले. लॉर्ड्सवरील अंतिम सामना अवघ्या ९ धावांनी गेला. त्यानंतर समान सामना-मानधनाचा निर्णय २०२२ मध्ये आणि महिला प्रीमियर लीग २०२३ मध्ये आली. प्रेक्षकाचा उमाळा आणि संस्थेचा निर्णय यांच्यामध्ये पाच-सहा वर्षांचे अंतर पडले.

म्हणून उमाळा निरर्थक ठरत नाही. तो स्वतःहून काही घडवत नाही, एवढेच. ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने या निरीक्षणाला महत्त्व आहे. मध्यरात्रीपर्यंत जागून विजय साजरा करणाऱ्या घरातील मुलीने दुसऱ्या दिवशी सरावासाठी थांबायचे म्हटले, तर शेवटची एस. टी. चुकते, मैदानावर मुलांचा सामना चालू असतो, आणि कपडे बदलण्यासाठी खोली नसते. हे अडथळे भावनेने दूर होत नाहीत. सरावाची वेळ, मैदानाची वाटणी, प्रवासाची सोय आणि पालकांशी संवाद या बाबी वेळापत्रकात आणाव्या लागतात. पालकांच्या मनातील नकार लाटेच्या दिवसांत सैल झालेला असतो. ही संधी अल्पकाळच टिकते.

समारोप

काठावरचा प्रेक्षक मोठ्या सामन्यात ओढला जातो तो अज्ञानामुळे किंवा केवळ गर्दीच्या संसर्गामुळे नव्हे. सुबोध परिस्थिती, ओळखीची वाटणारी मानवी कथा, सहज होणारी पक्षनिवड, निकालाची अनिश्चितता आणि सहवास यांच्या एकत्र येण्यातून हा अनुभव घडतो. सामना संपल्यावर बहुतेक प्रेक्षक पुन्हा काठावर जातात, हेही तितकेच स्वाभाविक आहे. त्यांना कायमचे चाहते बनवणे हे शिक्षणसंस्थांचे काम नव्हे. त्यांच्या घरातील मुलगी मैदानात उतरू इच्छित असेल, तर त्या वेळी मैदान मोकळे असावे, एवढी व्यवस्था मात्र त्यांच्या हाती आहे.