पोळ्याला घ्या, वाफाळता बैल!

लाकडी बैलाला चाकं असतात, मातीच्या बैलाला रंग असतो. आणि मैद्याच्या बैलाच्या पोटात चक्क पुरण! यंदाच्या तान्ह्या पोळ्याला ट्राय करून बघा.

ऑफिस सुटल्यावर गाडीवरचे मोमो खाणं ही आता अमरावती-अकोल्यातही काही नवलाई राहिलेली नाही. पण त्याच वाफेवर फुगणारा मोमोचा गुबगुबीत मावसभाऊ, म्हणजे बाव, आपल्याकडे अजून तसा पाहुणाच. इंटरनेटवर मात्र त्याचा जोरदार जलवा आहे. गुलाबी डुकरं, पिवळी बदकं, काटेरी साळिंदरं... खावं की शोकेसमध्ये ठेवावं, असा प्रश्न पडावा इतकी क्यूट!

आता डुकरं-बदकं ठीक आहेत हो, पण वऱ्हाडातल्या माणसाने पिठाचा प्राणी करायचा तर पहिला मान कोणाचा? बैलाचाच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरंटोरं आपापले लाकडी बैल सजवून दारोदार फिरतात आणि बोजारा गोळा करतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची ही धम्माल. विदर्भाबाहेरच्या कलीगला सांगून बघा, त्याला हे ठाऊकच नसतं.

तसं आपल्याला वाफेचंही अप्रूप नाही. दिव्यांच्या अवसेला कणकेचे गोड दिवे उकडून त्यावर तूप सोडून खाणारी माणसं आपण. नागपंचमीला तवा ठेवायचा नाही म्हणून पुरणाची दिंडं वाफवायची. तिकडे उत्तर चीनच्या शान्सी आणि शांतुंग प्रांतांत गावच्या बायका सणासुदीला आणि लग्नाला गव्हाच्या पिठाचे रंगीत प्राणी आणि फुलं वाफवतात. सण, पीठ आणि वाफ, फंडा तोच. त्यांच्याकडे यीस्ट आहे, आपल्याकडे पुरण. जोडी जमवायला हरकत काय?

मग लागा तयारीला

आठ बैलांसाठी पाव किलो मैदा, एक चमचा इन्स्टंट यीस्ट, दोन मोठे चमचे साखर, एक मोठा चमचा तेल, चिमूटभर मीठ आणि साधारण १३० मिली कोमट दूध. दूध एकदम ओतू नका, मैद्याप्रमाणे चमचाभर कमी-जास्त लागतं. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा थोडं घट्ट हवं आणि दहा मिनिटं मनापासून मळायला हवं. बॉसचा राग काढायला याहून स्वस्त जागा नाही. पृष्ठभाग गुळगुळीत झाला पाहिजे, नाहीतर वाफेतून बैल सुरकुतून बाहेर येतो.

पुरण मात्र कोरडं घ्या. पोळीचं सैलसर पुरण इथे चालत नाही, पोट फुटतं. लिंबापेक्षा लहान गोळी पुरे. पिठाच्या पारीत ती भरून तोंड खालून बंद करा; हे झालं धड. कान, शिंगं, वशिंड आणि झूल वेगळ्या पिठाची. पाण्याचं बोट लावून चिकटवा. डोळ्यांना कारळाचे दाणे, चटणीच्या डब्याशेजारी असतातच.

शिंगं लांब ठेवा. फुगल्यावर ती बोटकी होतात आणि मग आजी विचारते, ‘‘काऊन वं बाई, बैलाचे शिंगं कोनं तोडले?’’

रंगाचा मामला

खरी गंमत इथे आहे. बैल पांढराच ठेवा, कारण आपल्या भागातली गवळाऊ जात असतेच पांढरी-करडी. रंग फक्त झुलीला आणि शिंगांना. पिवळ्यासाठी हळद, हिरव्यासाठी पालकाचा घट्ट रस, तपकिरीसाठी कोको. निळ्यासाठी गोकर्णीची फुलं गरम पाण्यात भिजवा. त्यात लिंबू पिळलं की निळ्याचा जांभळा! सुकवलेली लाल अंबाडीची बोंडं घरात असतील तर त्यांचा काढाही गुलाबीसर रंग देतो.

बीट तेवढं नखरेल. कच्चं पीठ असं झकास राणी रंगाचं दिसतं की आपण खूश, आणि वाफेतून निघतं ते फिक्कट, कधीकधी विटकरी. त्याचा रंग उष्णतेला टिकत नाही. रसात थोडं लिंबू घातलं तर बरा तग धरतो.

आणि पिठात खायचा सोडा नको बरं का. हळद सोड्याला भेटली की लाल होते, हळदीचं कुंकू होतं तेही चुन्यामुळे असंच. अर्थात केशरी-लाल गोंडे हवेच असतील, तर हळदीच्या इवल्याशा गोळ्यात मुद्दाम चिमटीभर सोडा घालून बघा. बाजारातल्या रंगाची पुडी मात्र लांबच ठेवा. २०२४ च्या फेब्रुवारीत तामिळनाडू आणि पुदुच्चेरीने गुलाबी म्हातारीच्या केसांवर बंदी घातली, ती त्यात ऱ्होडामाइन-बी सापडलं म्हणून. तो कपडे आणि कागद रंगवायचा रंग. शेजारची चार पोरं जे तोंडात घालणार, त्यासाठी बीटाचा फिक्कट गुलाबी परवडला.

फुगू द्या, पण बेतानं

सजवलेले बैल बटर पेपरच्या तुकड्यांवर ठेवा आणि दीडपट होईपर्यंत झाका. पोळ्याच्या दिवसांतल्या दमट हवेत अर्ध्या तासात काम होतं. अकोल्याच्या मे महिन्यात हा उद्योग केलात, तर फोन घेऊन येईस्तोवर बैलाचा पाणघोडा झालेला असेल. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा हळूहळू वर आला की समजा वेळ झाली.

मोदकपात्र, इडलीपात्र, चाळणी, काहीही चालतं. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर थेंब पडून डाग उठतात. मध्यम आचेवर बारा मिनिटं. मग गॅस बंद, झाकण किंचित तिरकं, आणि तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही. घाईने उघडलं की फुगलेला बैल डोळ्यांदेखत बसतो. हे ज्याला जमलं त्याला सगळं जमलं.

एक आकडा मात्र सांगायलाच हवा. २०१९ च्या पशुगणनेत देशातला नर गोवंश २०१२ च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटलेला दिसला. शेतात ट्रॅक्टर आला, बैलजोडीचं ओझं कोणालाच परवडेना. खांदेमळणी म्हणजे काय, आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद का चोळायची, हे फ्लॅटमधल्या पोराला सांगायला समोर बैल तर हवा! त्याच्या हातात पिठाचा गोळा दिला, की वशिंड कुठे लावायचं हा प्रश्न तो स्वतःच विचारतो. मग जू कुठे बसतं, खांदा का दुखतो, सगळं आपोआप निघतं. भाचरं असतील तर झूल त्यांच्यावर सोडा. वाकडी होईल, होऊ द्या.

पोळ्याला ऑफिसला सुट्टी नसेल तर आदल्या रात्री वाफवून, गार करून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी पाच मिनिटं पुन्हा वाफ दिली की मऊसूत. वरून तुपाची धार. आणि बोजारा मागायला पोरं आली, तर दहाच्या नोटेसोबत एकेक बैल हातावर ठेवा. आधी कोण शिंगं खातं आणि कोण शेपूट, ते बघा.