पुलांविषयीचे लोकप्रवाद आणि वस्तुस्थिती

आमच्या भोपाळच्या अयोध्यानगरात कोणत्याही पुलाची गोष्ट निघाली, की ती फिरून फिरून ऐशबागच्या रेल्वे उड्डाणपुलावर येऊन ठेपते. २०२५ च्या उन्हाळ्यात ज्याचे छायाचित्र देशभर फिरले आणि ज्याला सर्वांनी एकमुखाने ‘नव्वद अंशांचा पूल’ ठरविले, तोच हा. त्या हशापायी सात अभियंते निलंबित झाले व कंत्राटदाराचे नाव काळ्या यादीत गेले. परंतु मामला जबलपूरच्या उच्च न्यायालयात पोहोचून, मौलाना आझाद राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेतील तज्ज्ञ प्राध्यापकांनी प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा तो कोन ११८ ते ११९ अंशांचा निघाला. ही दुरुस्ती हसणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या वाचनात आली असावी. कोन काटकोन नव्हता म्हणजे वळण निर्धोक ठरले, असेही मात्र कोणी समजू नये. कारण वळणाची सुरक्षितता त्याच्या कोनावरून नव्हे, तर त्याची त्रिज्या, रस्त्याला दिलेला बाजूचा उतार, वाहनाचा वेग आणि समोरचे किती अंतर दिसते यांवरून ठरते, आणि यांपैकी एकही गोष्ट आकाशातून काढलेल्या छायाचित्रात नीट उमगत नाही.

दुसरा घोटाळा नावाचा. भोपाळच्या छोट्या तलावाला अडवून धरणाऱ्या ‘पूल पुख्ता’ची वास्तू पूल म्हणून ओळखली जाते, वस्तुतः ते नबाब हयात मुहम्मदखानाच्या अमदानीत त्याचा दिवाण छोटेखान याने १७९४ च्या सुमारास घातलेले धरण होय. मात्र या नावाला चूक म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे. कारण आपल्या संस्कृत ‘सेतू’ शब्दाचाही अर्थ बांध, बंधारा आणि पूल असा तिहेरी आहे, आणि पाणी अडविणे व पाणी ओलांडणे ही दोन कामे एकाच मातीच्या भरावाने होत असता त्यांना निरनिराळी नावे देण्याची गरज पूर्वजांना भासली नसावी. अयोध्या नावाच्या वसाहतीत राहणाऱ्यांनी तरी सेतू म्हणजे खांबांवर उभा असलेला रस्ताच, असा आग्रह धरू नये!

मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूला पुष्कळजण ‘झुलता पूल’ म्हणतात, हा तिसरा भ्रम. झुलत्या पुलात दोन मनोऱ्यांवरून मुख्य दोर ओळंबत जातो, त्याची टोके किनाऱ्याच्या भूमीत जखडलेली असतात आणि त्या दोराला टांगलेल्या उभ्या तारांवर रस्ता तोलला जातो. सागरी सेतूत मात्र मनोऱ्यापासून निघालेले सरळ, तिरपे ताण-दोर थेट रस्त्याच्या तुळईला धरतात, आणि मनोऱ्याच्या एका बाजूचा भार दुसऱ्या बाजूच्या भाराशी तोलला जातो. शिवाय २००९ साली खुल्या झालेल्या या सेतूच्या सुमारे साडेपाच किलोमीटर लांबीपैकी दोरांवर तोललेला भाग अल्पच आहे. वांद्र्याच्या बाजूचा तो प्रसिद्ध भाग अवघा ५०० मीटरांचा असून बाकीचा बहुतेक सेतू काँक्रीटच्या पोकळ तुळयांचा आहे. हावड्याचा पूलही झुलता नव्हे. दोन्ही तीरांवरून पुढे काढलेल्या पोलादी बाहूंवर मधला भाग ठेवलेला तो बाहुधारी पूल होय.

हे प्रकार कोणाच्या लहरीने जन्मले नाहीत. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून जोवर दगडाचेच राज्य होते तोवर मोठा पूल म्हणजे कमान, कारण कमानीत प्रत्येक चिरा शेजारच्या चिऱ्याला केवळ दाबीत असतो. १७७९ साली इंग्लंडात सेव्हर्न नदीवर ओतीव लोखंडाचा पूल उभारला गेला, तेव्हा साहित्य बदलले पण सवय सुटली नाही: तोही कमानीचाच! ताण सहन करणारे घडीव लोखंड आणि पुढे पोलादी तार हाती आल्यावर दोरांवर तोललेले प्रचंड पूल शक्य झाले.

आता सर्वांत रुजलेला समज. अवजड ट्रक गेला की पूल पायाखाली थरथरतो आणि पादचाऱ्याच्या मनात लगेच त्याच्या आयुष्याविषयी शंका येते; त्यात चाके प्रत्येक सांध्यावर खटखटली, म्हणजे पूल तडकल्याची खात्रीच. वास्तविक त्या फटी मुद्दाम राखलेल्या असतात. शंभर मीटर लांबीची पोलादी तुळई तापमान तीस अंशांनी चढले की सुमारे साडेतीन सेंटिमीटरने लांबते, आणि भोपाळच्या पौषातील रात्र व वैशाखातील दुपार यांमध्ये तेवढे अंतर सहज पडते. ती लांबी सामावण्याची तजवीज केली नाही, तर तुळई खांबांनाच ढकलू लागेल. म्हणून तुळई खांबावर पक्की चिणत नाहीत, रबराच्या वा पोलादाच्या बेअरिंगवर ठेवतात. थरथरणे हीही वजन झेलण्याची रीत आहे. भय असते ते तालाचे: १८३१ साली इंग्लंडात ब्रॉटनच्या झुलत्या पुलावरून एका लयीत पावले टाकीत निघालेल्या पलटणीखाली तो पूल कोसळला, आणि पुढे पूल ओलांडताना सैनिकांनी ताल मोडून चालावे असा हुकूम निघाला.

राहिला शेवटचा, आणि मला सर्वाधिक घातक वाटणारा समज: साहेबाच्या काळातले दगडी पूल अक्षय असतात. चिरा शेकडो वर्षे टिकतो हे खरे, पण पूल चिऱ्यांवर उभा नसतो, पायावर असतो. आणि पुराचा लोंढा खांबाभोवती भोवरे घालीत तळातली वाळू-माती खरवडून नेऊ लागला, की वरचे बांधकाम कितीही शाबूत दिसले तरी खालचा आधार सुटत जातो. कमानींच्या पुलात तर एक खांब गेला की शेजारच्या कमानींचा टेकाच नाहीसा होतो. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानीतला दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह त्या अंधारात नाहीशा झाल्या. त्याच नदीवर नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी, पुढचा पावसाळा भरात येण्यापूर्वी, रहदारीला खुला झाला.