बुंधा गेला, वड राहिला

शिबपूरच्या जगप्रसिद्ध वडाला बुंधा नाही. तो १९२५ साली कापून काढला, त्याला आता शंभर वर्षं होऊन गेली. झाड मात्र वाढतंच आहे. आज त्याचा विस्तार चार एकरांहून जास्त आहे आणि साडेतीन हजारांपेक्षा अधिक पारंब्या जमिनीत रुजून फांद्यांना आधार देत उभ्या आहेत. लांबून पाहणाऱ्याला ती दाट राईच वाटते. जवळ गेल्यावर लक्षात येतं, की वरच्या फांद्या एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि सगळं मिळून झाड एकच आहे.

शिबपूर हावड्यात, हुगळीच्या पश्चिम काठावर. तिथलं वनस्पती उद्यान ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट किड या अधिकाऱ्याने १७८७ साली सुरू केलं, म्हणून जुनी माणसं त्याला ‘कंपनी बागान’ म्हणत. आज ते आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने ओळखलं जातं. पण वड या बागेच्याही आधीचा. त्याच्या जन्माची हकिकत जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या हिमालय प्रवासाच्या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे. १७८२ साली त्या जागी खजुराचं झाड होतं आणि त्याखाली एक फकीर बसत असे, हे आठवणारी माणसं हूकरच्या काळाच्या थोडं आधीपर्यंत हयात होती. त्या खजुराच्या शेंड्यात वड उगवला. बागेचे तेव्हाचे प्रमुख फाल्कनर यांनी चौकशी करून झाडाचं वय पंचाहत्तर वर्षं ठरवलं. म्हणजे आज जे अडीचशे वर्षं सांगतात, ते अंदाजपंचे नाही.

खजुराच्या शेंड्यात वड कसा, असा प्रश्न आपल्याकडे कुणाला पडणार नाही. जुन्या वाड्याच्या भिंतीत, विहिरीच्या कठड्यात, देवळाच्या शिखरावर उगवलेले वड-पिंपळ आपण रोज पाहतो. पक्षी वडाची फळं खातात, बी विष्ठेतून कुठल्याशा बेचक्यात पडतं, तिथल्या ओलीवर रुजतं आणि मुळं खाली सोडतं. मुळं जमिनीला पोचली की आश्रय देणाऱ्या झाडाचे दिवस भरले. शिबपूरच्या खजुराचंही तेच झालं.

हूकरने पाहिलं तेव्हा झाड ऐंशी फूट उंच होतं आणि त्याच्या सावलीचा व्यास तीनशे फूट होता. हिशेब केला तर ही सावली दीड एकराहून थोडी जास्त भरते. वड म्हातारा झाला की मूळ खोड कुजतं आणि पारंब्यांचीच वेगवेगळी खोडं होतात, हेही त्याने लिहून ठेवलं होतं. शिबपूरला पुढे तेच घडलं. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांनी मोठमोठ्या फांद्या मोडल्या. उघड्या पडलेल्या लाकडात बुरशी शिरली आणि हळूहळू बुंधा पोखरत गेली. सुमारे पन्नास फूट घेराचा तो बुंधा शेवटी, कुज उरलेल्या झाडात पसरू नये म्हणून, काढून टाकावा लागला.

आंब्याचा बुंधा काढला तर आंबा मरेल. वड मरत नाही, ते पारंब्यांमुळे. ही गोष्ट आपण शाळेत शिकतो आणि विसरून जातो.

लोंबणारी पारंबी हाताशी येते तेव्हा तिचं टोक पाहावं. बाकीची पारंबी तपकिरी आणि चिवट, पण टोक फिकट, ओलसर आणि नखाने खुडता येईल इतकं कोवळं असतं. सगळी वाढ त्या टोकातच चाललेली असते. ते मातीला टेकलं की त्याला बारीक मुळं फुटतात आणि पाणी वर चढू लागतं. मग पारंबी जाड होऊ लागते, तिच्यात लाकूड भरतं आणि काही वर्षांत ती फांदीचा भार पेलते. आडवी फांदी नुसत्या बुंध्याच्या जोरावर फार लांब जाऊ शकत नाही, स्वतःच्याच वजनाने मोडते. खाली टेकू मिळाला की तीच फांदी आणखी पुढे सरकते, पुढे नव्या पारंब्या सोडते. पाण्यासाठीही तिला मग बुंध्याकडे पाहावं लागत नाही. १९२५ साली बुंधा काढला तेव्हा कडेच्या फांद्या केव्हाच आपापल्या पायांवर उभ्या होत्या.

यात माळ्यांचा वाटा मोठा आहे. कोवळ्या पारंब्यांना पोकळ बांबूंत माती-खत भरून त्यातून खाली नेण्याची पद्धत तिथे आहे. असं संरक्षण मिळालं की पारंबी वाऱ्याने हेलकावत राहत नाही आणि गुरांच्या, माणसांच्या तडाख्यातून वाचते. झाडाभोवती सुमारे ३३० मीटर घेराचा रस्ता केला होता, झाड तो ओलांडून बाहेर गेलं. मे २०२० मध्ये अम्फान चक्रीवादळात त्याच्या काही पारंब्या उखडल्या, फांद्या पडल्या, तरीही झाड टिकलं.

आपल्याकडे संगमनेर तालुक्यात पेमगिरीचा वड असाच ऐसपैस पसरला आहे. तो पाहिला की वाटतं, आपल्या बाकीच्या वडांना आपण एवढी मोकळीक का देत नाही? रस्त्याकडेच्या वडाच्या पारंब्या वाहनांना अडचण म्हणून छाटल्या जातात. केसांच्या तेलासाठी नेमकी कोवळी टोकं खुडली जातात. गावातल्या वडाला सिमेंटचा पार बांधतात, भोवती पेव्हर ब्लॉक बसवतात. पारंबी वाचलीच तर टेकायला माती नसते. वर्षानुवर्षं फांद्या वाढत जातात, खाली एकही टेकू तयार होत नाही. मग एखाद्या वळवाच्या वाऱ्यात झाड आडवं होतं आणि ‘फार जुनं होतं’ असं म्हणून आपण मोकळे होतो. वय हे त्याचं कारण नसतं. आधार धरायची त्याची धडपड आपणच दरवर्षी तोडलेली असते. वटपौर्णिमेला फांद्या तोडून घरी आणू नयेत हे आता बऱ्याच जणींना पटलं आहे. तीच काळजी पारंबीचीही घ्यायला हवी.

खर्च फारसा येत नाही. रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या चार-पाच पारंब्या निवडायच्या. पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांच्याखाली फरशी उखडून हातभर माती मोकळी करायची. मग उभा चिरलेला जाड बांबू घेऊन, आतली पेरं फोडून, त्यात माती-शेणखत भरायचं, पारंबी मधे ठेवून बांबू पुन्हा बांधायचा आणि खालचं टोक जमिनीत रोवायचं. पावसाने उघडीप दिली तर पाणी घालायचं. पारंबी रुजून हाताएवढी जाड झाली की बांबू काढून पुढच्या पारंबीला लावता येतो. ग्रामपंचायतीने झाडं लावण्याच्या कार्यक्रमासोबत एवढं एक काम दर जूनमध्ये धरलं, तर गावच्या वडाला दहा-पंधरा वर्षांत दोन-तीन नवे खांब मिळतील.