उडू पाहणारं घर

फ्लोरिडात डेटोना बीचजवळ स्प्रूस क्रीक नावाची वसाहत आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे अमेरिकी नौदलाची धावपट्टी होती. आता तिच्याभोवती बंगले उभे आहेत, आणि बंगल्याला लागून जिथे गाडीची जागा असावी तिथे विमानाचं हँगर आहे. मालक दार उघडतात, विमान बाहेर काढतात, वसाहतीच्या रस्त्यावरून हळूहळू धावपट्टीवर नेतात आणि उडतात. विमानं सुंदर आहेतच, पण मला त्याहून भुरळ पडते ती त्या हँगरची. फ्लोरिडा हा हरिकेनचा मुलुख. तिथे स्वतःच्या विमानासाठी भिंती आणि छप्पर उभं करायचं म्हणजे उड्डाणाचं सगळं शास्त्र पणाला लावावं लागतं, आणि तेही उलट्या दिशेनं: काहीही झालं तरी उडायचं नाही!

आधी विमानाचं बघू. सेसना १७२ हे खासगी वैमानिकांचं लाडकं विमान. पंखांचा पसारा ११ मीटर, रिकामं वजन पाऊण टनाच्या आसपास. ताशी ९० किलोमीटरच्या आसपासच्या वेगालाही त्याचे पंख त्याला हवेत तोलून धरू शकतात. आता गंमत अशी, की विमान हवेतून पुढे चाललंय की हवाच विमानावरून वाहतेय, हे पंखाला कळत नाही. उभ्या विमानावर तेवढ्या वेगाचा झोत आला की त्याची चाकं हलकी होऊ लागतात. म्हणून उघड्यावरची विमानं दोरांनी जमिनीला बांधतात, आणि ज्याला परवडतं तो हँगर बांधतो.

पण हँगरच्या छपराला तरी हा फरक कुठे कळतो?

वारा घराला ढकलतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो ढकलतो एकच भिंत, त्याच्या वाटेत आलेली. तिथून तो वर उसळतो, वळचणीच्या कडेवरून सुटतो आणि छपराला न चिकटता पुढे जातो; त्याच्याखाली कमी दाबाचा पट्टा तयार होतो. उतार कमी असलेलं छप्पर आणि उरलेल्या तिन्ही भिंती बाहेरच्या बाजूला ओढल्या जातात. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानं रायगडात आणि रत्नागिरीत घरांचे पत्रे नेले, त्यांना वर नेणारी ओढ हीच.

ही ओढ किती? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि या एका नियमात सगळा घात आहे. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४८ किलो. ताशी २०० ला तो १९० च्या पुढे जातो. १८ मीटर लांब, १८ मीटर रुंद आणि सरासरी ५ मीटर उंच असं मध्यम हँगर डोळ्यांसमोर आणा. त्याच्या आत नुसती हवाच जवळजवळ दोन टन भरते, म्हणजे आत उभ्या असलेल्या सेसनाच्या दुपटीहून जास्त! छप्पर ३२४ चौरस मीटर. वर खेचणारी ओढ वाऱ्याच्या दाबाइतकीच धरली, तरी ताशी २०० किलोमीटरला ती साठ टनांच्या वर जाते. आणि पोलादी चौकटी, पत्रे, खांब असं त्या अख्ख्या इमारतीचं वजन? त्याच्या निम्मंही नाही.

म्हणजे हे घर वाऱ्यात खरोखरच हवेपेक्षा हलकं असल्यासारखं वागतं. मग पाया कशासाठी? ओझं पेलण्यासाठी तो लागतोच, पण वादळाच्या दिवशी त्याचं काम नांगराचं असतं. खांब जमिनीला दाबत नाहीत, पायाला वर खेचतात. म्हणून खांबांच्या तळाचे बोल्ट काँक्रीटमध्ये खोल रोवलेले असतात आणि त्या काँक्रीटचं आकारमान बरेचदा वरच्या ओझ्यावरून ठरत नाही, ते स्वतः किती जड हवं यावरून ठरतं. आणि इथे दक्षिण फ्लोरिडाची जमीन आणखी एक डाव खेळते. तिथे भूजल फार वर आहे, त्यात वादळाबरोबर पूर. पाण्यात बुडालेली वस्तू आपण बाजूला सारलेल्या पाण्याइतकी हलकी होते. एक घनमीटर काँक्रीट २४०० किलोचं, पण पाण्याखाली ते १४०० किलोसारखं वागतं. ज्या दिवशी नांगर सगळ्यात जड हवा, नेमका त्याच दिवशी तो चाळीस टक्क्यांनी हलका!

आता छपराच्या कोपऱ्याकडे या, कारण सगळ्यात देखणा चमत्कार तिथे घडतो. वारा तिरका आला, कोपऱ्यावरच धडकला, की दोन्ही कडांना लागून दोन शंकूच्या आकाराचे भोवरे फिरू लागतात. कॉन्कॉर्ड विमान उतरताना नाक वर करून हळू यायचं, तेव्हा त्याच्या त्रिकोणी पंखांवर असेच भोवरे उठत आणि त्यांच्या पोटातल्या कमी दाबावर ते प्रचंड विमान तोलून राहत असे. छपरावर तेच भोवरे, तेच शास्त्र! तिथल्या छोट्याशा तुकड्यावरची ओढ वाऱ्याच्या दाबाच्या अडीच-तीन पट होऊ शकते. म्हणून चांगल्या हँगरवर चढून पाहिलं तर मधल्या भागात स्क्रू लांब लांब दिसतील, आणि कडेला, विशेषतः कोपऱ्यात, एकदम दाट.

पण हँगरचं खरं दुखणं म्हणजे त्याचं दार. ११ मीटरचे पंख आत न्यायचे, तर १५ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच दार हवं. म्हणजे एक भिंत जवळजवळ सगळीच नाहीशी. झाकण काढलेला बुटाचा खोका पिळून पाहा, तो किती सहज तिरपा होतो! बाकीच्या भिंतींत पोलादी सळ्यांच्या फुल्या ताणून त्यांना ताठ ठेवता येतं, दाराच्या भिंतीत फुली मारणार कुठे? मग अभियंते खांब आणि वरची तुळई कोपऱ्यात अशी एकजीव करतात की तो काटकोन हलूच नये. अशा चौकटीला सगळ्यात जास्त वाकवणारा जोर त्या कोपऱ्यातच येतो. म्हणून हँगरचे खांब तळाशी निमुळते आणि वर खांद्यापाशी रुंद असतात. जोर कुठे किती आहे याचा आलेखच पोलादात कापून उभा केलेला!

आणि खुद्द दार? मधोमध दुमडून वर जाणारं बायफोल्ड दार खासगी हँगरना फार लावतात. ६० चौरस मीटरचा हा पडदा ताशी २०० किलोमीटरच्या वाऱ्यात साडेअकरा टनांचा दाब झेलतो. उभ्या दाराला वारा सगळ्यात जास्त कुठे वाकवणार? बरोबर मध्ये. आणि बिजागरी कुठे आहे? तिथेच! बिजागरी म्हणजे वाकायला मोकळीक. म्हणून त्या दुमडीच्या रेषेवर आतल्या अंगाला १५ मीटर लांबीची आडवी कैची बसवतात. वाऱ्याचा निम्मा जोर ती उचलते आणि दोन्ही टोकांच्या खांबांकडे पोचवते. सरकत्या दारांची तऱ्हा वेगळी. त्यांचं वजन खालच्या रुळावर असतं, वरचं टोक फक्त खाचेत अडकवलेलं. पण वादळात छपराची तुळई वर उचलली जाते आणि खाचही तिच्याबरोबर वर जाते! खाच पुरेशी खोल नसेल तर दाराचं टोक तिच्यातून निसटतं, आणि काहीच न तुटता दार आडवं होतं.

दार गेलं की पुढचं नुकसान फक्त दारापुरतं राहत नाही. वारा आत शिरतो, आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. आता छप्पर वरून ओढलं जातंय आणि खालून ढकललंही जातंय. अमेरिकेच्या बांधकाम मानकांत बंद इमारतीच्या आतल्या दाबासाठी जो आकडा धरतात, तो एका बाजूला मोठं भगदाड पडलं की तिप्पट होतो. वादळात खिडक्या उघड्या ठेवाव्यात, म्हणजे आतबाहेरचा दाब सारखा होईल आणि घर वाचेल, असं अमेरिकेत कित्येक वर्षं सांगितलं जायचं. नेमका उलटा सल्ला! घर वाचतं ते बंद राहिल्यानं.

मग दार वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला ठेवलं तर? जिथे वारा वर्षभर एकाच दिशेनं येतो तिथे हा उपाय झकास. हरिकेन मात्र गोल फिरतं. त्याचा डोळा डोक्यावरून पुढे सरकला की वारा उलट दिशेनं येतो आणि आडोशाची भिंत तोंडावर येते. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू हरिकेन मायामीच्या दक्षिणेला धडकलं. टॅमियामी विमानतळावर केर्मिट वीक्स यांनी जुन्या विमानांचं खासगी संग्रहालय उभारलं होतं. त्याची आणि आतल्या विमानांची मोठी मोडतोड झाली. त्या तडाख्यानंतर फ्लोरिडानं बांधकामाचे नियम मुळापासून नव्यानं लिहिले. मायामी-डेड भागात साध्या इमारतीलाही आज ताशी सुमारे २८० किलोमीटरचा झोत गृहीत धरावा लागतो. आपल्या त्या दारावर हा दाब होतो २३ टन. शिवाय दारं-खिडक्यांवर चार किलोचा लाकडी वासा तोफेतून ताशी ५५ किलोमीटर वेगानं मारून पाहतात, कारण वादळात शेजाऱ्याच्या छपराचा वासा असाच येतो.

हे सगळे आकडे आले कुठून? टेक्सासात लबक शहरात १९७० साली भीषण टोर्नेडो झाला. तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठानं नंतर उघड्या माळावर एक खरीखुरी पत्र्याची इमारत उभी केली, आणि तीही गोल रुळावर! वारा कुठूनही येवो, इमारतच फिरवायची आणि हवा तो कोपरा वाऱ्यापुढे धरायचा. मायामीतल्या एका विद्यापीठानं वाराच तयार केला: बारा अजस्र पंख्यांची भिंत, ताशी अडीचशे किलोमीटर. घरांवर येणारी वादळं मोजायला माणसं इतका खटाटोप करतात, हे मला फार लोभस वाटतं.

शेवटी सगळा भार येतो तो बोटभर स्क्रूवर. १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर ट्रेसी चक्रीवादळ आलं. तिथल्या छपरांचे पत्रे एका दमात येणारा तेवढा भार सहज सोसू शकत होते, तरी ते उडाले. का? वारा सलग ओढत नाही, हिसके देतो. तासन्‌तास, हजारो हिसके. प्रत्येक हिसक्याला स्क्रूच्या भोवतीचा पत्रा किंचित वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. भोकाच्या कडेला बारीक चीर पडते, ती वाढते, आणि पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून निघून जातो. स्क्रू आपल्या जागी तसाच! वीस वर्षं आधी, १९५४ मध्ये, कॉमेट ही प्रवासी जेट विमानं आकाशात फुटली होती, तीही धातूच्या अशाच थकव्यानं, खिडकीच्या कोपऱ्याजवळच्या जोडणीच्या भोकापासून निघालेल्या चिरेनं. ट्रेसीनंतर पत्र्यांनाही हजारो वेळा हिसके देऊन तपासू लागले आणि स्क्रूखाली रुंद वॉशर आले.

एवढं करूनही फ्लोरिडातले जाणते वैमानिक हरिकेनचा अंदाज आला की विमान घेऊन दूर निघून जातात. घराला मिळत नाही अशी ही सवलत विमानाला आहे. जे जाऊ शकत नाहीत ते हँगरच्या आतसुद्धा विमान फरशीत रोवलेल्या कड्यांना बांधून ठेवतात. छपराला त्याचा काडीचाही उपयोग नसतो. विमानाचं वजन फरशीवर असतं, चौकटीवर नाही. तेव्हा आत विमान असो वा नसो, ते साठ टन त्या खांबांना आणि त्यांच्या काँक्रीटलाच धरून ठेवायचे असतात.