टाके निघाले, पण मूठ वळते का?



तोडणीत कोयता बोटावर बसतो, कडबाकुट्टीत हात सापडतो, कुणाला लकवा मारतो. दवाखाना होतो, टाके निघतात, प्लॅस्टर सुटतं आणि माणूस म्हणतो, "झालं, बरा झालो." पुढे दोन महिन्यांनी कोयता धरायला जावं, तर मूठच वळत नाही. असे हात आम्ही फडात फिरताना पाहतो. म्हणून आज उसाऐवजी हाताविषयी चार शब्द.

हातात मनगटासह २७ हाडे आहेत. बोटे ओढणाऱ्या दोऱ्यांना कंडरा म्हणतात. जखम भरताना त्या आजूबाजूला चिकटतात, सांधे आखडतात. लकव्यात हात शाबूत असतो, पण मेंदूचा हुकूम पोचत नाही. दोन्हीकडे मुख्य उपाय एकच : शिकवलेली हालचाल पुन्हा पुन्हा करणे.

पण तेच ते करायचा कंटाळा येतो. इथे संगणक कामाला येतो. बोटांचे वाकणे मोजणारा 'डेटाग्लोव्ह' हा हातमोजा अमेरिकेतील व्हीपीएल कंपनीने १९८० च्या दशकात विकायला आणला. आता कॅमेराही बोटे टिपतो. डोळ्यांवरच्या चष्म्यात रुग्णाला आपला हात दिसतो आणि तो खेळातला पेला उचलतो, चेंडू टाकतो. यालाच आभासी वास्तव म्हणतात. मनगट काल किती अंश वळले, आज किती, हे आकड्यात कळते. साखर उतारा वाढलेला दिसला की कसा हुरूप येतो, तसंच हे.

मात्र यंत्राला भुलू नये. लकव्यानंतरच्या अशा उपचारांच्या ७२ चाचण्या कॉक्रेन संस्थेने २०१७ साली तपासल्या. नेहमीच्या व्यायामाऐवजी यंत्र वापरले, तर हाताला जादा फायदा दिसला नाही. व्यायामात भर म्हणून वापरले, तेव्हा दिसला. म्हणजे मोल सरावाचेच.

चष्मा नसला म्हणून अडत नाही. मूळचे तामिळनाडूचे डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेत, हात तुटलेल्यांच्या वेदनेसाठी साधा आरसा वापरला. पुढे तो लकव्यातही उपयोगी पडला. अधू हात आरशामागे, चांगला पुढे. चांगला हलवला की अधूच हलतोय असं मेंदूला वाटतं. हे मात्र जाणकाराकडून शिकूनच करावे.

बंधूंनो, शस्त्रक्रिया ही लागवड, व्यायाम या पाण्याच्या पाळ्या. बेणं लावून सिद्धेश्वरच्या कालव्याचं पाणी दिलंच नाही, तर फुटवे कुठून येणार? पण शिवलेली कंडरा आपल्या मनाने ओढू नका, ती तुटते. दवाखाना सोडतानाच डॉक्टरांना विचारा, "व्यायाम कोणता, कधीपासून, किती वेळा?" नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी. मुंबईला हाजी अली येथे १९५५ सालापासूनची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही आहे.

आपल्या फडातील तोडणी मजुरांनाही हे जरूर सांगावे, ही विनंती. त्यांचे तर पोटच हातावर आहे.